कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर

सकाळी 8.30

जुलैत मेडिकल उघडलं की पहिली चौकशी ओलीची. रात्रभर पाऊस लागलेला असला तर मी आधी मागच्या कपाटात हात घालते. तिथे प्लास्टरचे रोल असतात, चार इंची आणि सहा इंची, प्रत्येक 2.7 मीटरचा. जाळीदार कापडावर भाजलेल्या जिप्समची पूड बसवलेली असते. पाकिटाला टाचणीएवढं भोक पडलं तरी ती पूड दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि आतल्या आत घट्ट होत जाते. वरून रोल धडधाकट दिसतो, तारीखही पुढची असते, पण दाबला की गुठळ्या लागतात. तसला रोल वर दवाखान्यात गेला तर पाण्यात बुडवल्यावर त्याचे पोपडे सुटतात आणि डॉक्टर थेट खाली फोन लावतात. म्हणून पावसाळाभर खालचा कप्पा रिकामा, रोल छातीच्या उंचीवर, आणि गुठळी लागली की परतीच्या खोक्यात.

दुकान माणमध्ये, हिंजवडीच्या फेज थ्रीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. या गावाची एक बाजू अजून भातखाचरांची आहे. दुसऱ्या बाजूला मेगापोलिसचे मनोरे, आयटी कंपन्या आणि मेट्रोचा डेपो. हाडं दोन्ही बाजूंची मोडतात. बांधावरून घसरून, खड्ड्यात दुचाकी आपटून, परांचीवरून पडून, सोसायटीच्या ओल्या फरशीवर. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण हाड मोडलं की माणसं एक्स-रेसाठी हिंजवडी गाठतात, नाहीतर औंधचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर पिंपरीचं वायसीएम. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हाडांचा दवाखाना आहे, त्यामुळे माझ्या काउंटरवर सर्दी-खोकल्याइतकीच प्लास्टरची गिऱ्हाइकं असतात.

9.15

पहिली चिठ्ठी. 'सहा इंची पीओपी चार, सहा इंची सॉफ्टरोल दोन, सहा इंची क्रेप दोन.' चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा विशीतला, शर्टाला चिखल, चेहरा उतरलेला. वर त्याचे वडील बाकावर पाय लांब करून बसलेत.

"ताई, एवढं सगळं लागतं?"

लागतं. आधी पायाला सॉफ्टरोल, म्हणजे कापसाचा थर, घोट्याच्या हाडावर आणि टाचेवर जरा जाड. त्यावर ओल्या पीओपीच्या घड्यांची पट्टी, पायाच्या मागच्या बाजूने. आणि ती जागेवर राहावी म्हणून वरून क्रेप बँडेज. हे कच्चं प्लास्टर. मोडलेला भाग पहिले काही दिवस सुजत जातो, आणि अर्धगोल पट्टीत सुजेला पसरायला जागा राहते. सूज ओसरली की गोल, पक्कं प्लास्टर. मुलाला वाटत होतं की डॉक्टर दोनदा पैसे घेण्यासाठी दोनदा बांधतात. हा समज त्याच्या एकट्याचा नाही. 'पहिल्याच दिवशी पक्कं करून टाका ना,' असं वर भांडून खाली येणारे पुष्कळ.

"बांधताना गरम लागेल म्हणावं त्यांना. भाजतंय म्हणून पाय ओढू देऊ नकोस."

जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. पुन्हा पाणी मिळालं की ते परत दगड होतं आणि होताना उष्णता सोडतं. पाच-दहा मिनिटांचा मामला. गणपतीच्या पीओपी मूर्तींचं रसायन हेच, फक्त तिथे विसर्जनाचा प्रश्न, आणि इथे नेमकी उलटी काळजी: सहा आठवडे पाणी लागू द्यायचं नाही.

10.30

मावशी जिना उतरून आल्या त्या उजवा हात डाव्या हातात धरून. बरोबर सून. मनगटाला कच्चं प्लास्टर. भातलावणी चालली होती, बांधावर पाय सरकला आणि पडताना तळवा टेकला. तळवा टेकून पडलं की मनगटाजवळचं हाड जातं, हे आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली लिहून ठेवलं, एक्स-रे निघण्याच्या ऐंशी वर्षं आधी. अजूनही तसल्या मोडीला त्यांचंच नाव आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत ती फार दिसते.

मावशींना मनगटापेक्षा दुसरंच दुःख होतं.

"बांगड्या वाढवाव्या लागल्या गं. डाक्टर म्हनले, नाय निघाल्या तर कापीन."

"बरं झालं काढल्या. नंतर हात सुजला असता न् त्या रुतल्या असत्या."

"डाव्या हातातल्या ठेवल्यात."

"ठेवा की. पण उजव्या हातात अंगठी आहे ती?"

अंगठी होती. चांदीची, जुनी, बोटात बसलेली. वर कुणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असेल आणि मावशींनी हात मागे घेतला असेल. साबणाचं पाणी लावून, बोट वर धरून, हळूहळू फिरवत काढली. हा पाच मिनिटांचा खटाटोप बिलात कुठे येत नाही, पण सांगते, पायाचं प्लास्टर असलं की जोडवी आणि हाताचं असलं की अंगठी, एवढं मी काउंटरवरून पाहतेच पाहते.

मग झोळी. लोक 'हात गळ्यात' म्हणतात, दुकानात तिचं नाव आर्म पाऊच. साइज कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत मोजून द्यायची. लहान दिली की मनगट बाहेर लोंबतं, मोठी दिली की बोटं आत दडतात आणि मग त्यांचा रंग कुणी बघत नाही. पट्टा असा लावायचा की पंजा कोपरापेक्षा थोडा वर राहील. बहुतेकांचा पंजा खाली झुकलेला असतो आणि मग संध्याकाळी बोटं टम्म.

सुनेला सांगितलं: पहिले दोन-तीन दिवस झोपताना हात उशीवर, छातीच्या वर. बोटं तासातासाला उघड-मीट. प्लास्टर पुरतं वाळायला दोन दिवस लागतात, तोवर कडेवर जोर द्यायचा नाही आणि लवकर वाळावं म्हणून चुलीपुढे धरायचं नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागतं. वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो आणि कातडी भाजू शकते. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी, तोंडाशी घट्ट, आणि तरी हात बादलीच्या बाहेर.

"लावणी कोन करनार आता?" मावशींनी विचारलं. सून गप्प. यावर माझ्याकडे औषध नाही.

12.00

या वेळेला फेज थ्रीची गर्दी. फोनवर अॅप उघडं ठेवून बोलणारी तरुण मंडळी. आज एकाला 'वॉटरप्रूफ कास्ट कव्हर' हवंय. त्याच्या हाताला निळ्या फायबरचं प्लास्टर. फायबर हलकं, तीन-पाच मिनिटांत घट्ट होतं, पीओपीपेक्षा मजबूत, एक्स-रेतही आडवं येत नाही. महाग मात्र बरंच. आणि एक गैरसमज त्याच्याबरोबर फुकट मिळतो: फायबर आहे म्हणजे शॉवर चालतो. फायबरला पाण्याने काही होत नाही, खरं आहे, पण त्याच्या आतला कापूस भिजतो. तो वाळत नाही. दोन दिवसांत वास, चार दिवसांत कातडी पांढरी पडून सोलायला लागते.

कव्हर माझ्याकडे एकच शिल्लक होतं, तेही पायाचं. "अॅपवरून मागवा, हाताचं, कोपराखालचं, मोठ्या माणसाचं," म्हटलं. गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवलं म्हणून आमचा काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. पण पायाचं कव्हर हाताला चढवून दिलं असतं तर रबराची कड दंडाला ढिली बसली असती आणि पाणी आत.

त्याला बिल हवं होतं, कंपनीच्या विम्यासाठी. बिल दिलं, बॅच नंबरासकट. मात्र आधीच सांगून टाकलं की क्रेप, स्लिंग, वॉकर या वस्तू बहुतेक पॉलिसींच्या 'मिळणार नाही' वाल्या यादीत असतात. हे त्याला एचआरने सांगायला हवं होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हापासून गिऱ्हाइकं बिलातली ती ओळ मात्र बारकाईने वाचतात.

त्याच्या मागे उभी असलेली मुलगी कॅल्शियमच्या गोळ्या मागत होती. आईसाठी, आईचा पाय मोडलाय. आईला थायरॉईडची गोळी चालू आहे का? आहे, सकाळी उपाशीपोटी. मग कॅल्शियम तिच्यासोबत नको, मध्ये चार तास जाऊ द्या. एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं. पाकिटावर पेनाने लिहून दिलं: दुपारी जेवल्यावर.

1.30

जेवणाआधी रजिस्टर. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच वन लागू आहे. त्यातली औषधं विकली की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. हाडांच्या दवाखान्याखाली बसल्यावर या वहीत वारंवार येणारं नाव ट्रॅमाडॉलचं. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. तरी रोज कुणीतरी मोबाईलमधला जुना फोटो दाखवून 'तीच गोळी द्या' म्हणतो. देत नाही. एकाने आज ऐकवलं, "पुढच्या चौकातला देतो." पुढच्या चौकातल्याचं पुढच्या चौकात.

शिलाजीत मागणारेही याच वेळेला येतात. हाड लवकर जुळावं म्हणून. आजचा काका तर दोन डब्या घ्यायला तयार, आणि गालात तंबाखूची गोळी. मी म्हटलं, डब्या राहू द्या, ती गोळी सहा आठवडे सोडा, निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो. त्यांना ते पटलं नाही. नाचणीची भाकरी सुचवली, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते पटलं, कारण त्यांच्या आईनेही तेच सांगितलं होतं. पायासूप मी न सांगता चालूच होतं.

3.00

पाऊस जोरात. रस्त्यावर कुणी नाही. गोळ्यांच्या पाकिटांच्या तारखा तपासायचं काम अशा वेळी होतं, आणि डोकं भटकायला मोकळं असतं.

आमच्या या भागात वयस्कर माणसं अजून हाडवैद्याच्या गोष्टी सांगतात. बांबूच्या कामट्या, कापड, वरून लेप. मी फार्मसी शिकले तेव्हा त्यावर हसायचा रिवाज होता. पुढे कधीतरी सुश्रुतसंहितेतलं भग्नचिकित्सेचं प्रकरण वाचलं आणि हसू थांबलं. तिथे बांबूच्या आणि पळस, वड, अर्जुन अशा झाडांच्या सालींच्या पट्ट्या सांगितल्यात. पट्टी किती दिवसांनी सोडायची तेही ऋतूप्रमाणे: थंडीत सात, मधल्या हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. आणि पुढे असं की बंध सैल पडला तर सांधा स्थिर होत नाही, आवळला तर सूज, वेदना आणि पू. वर दवाखान्यात टांगलेल्या सूचनांचा अर्धा मजकूर यात आला.

पीओपीचं बँडेज त्यामानाने काल-परवाचं. 1851 साली आंतोनियस मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने सुती कापडाच्या पट्ट्यांत कोरडी पूड घासून भरली आणि ओली करून बांधली. त्याआधी जखमी सैनिकाला हलवायचं म्हणजे स्टार्चची पट्टी वाळेपर्यंत थांबायचं. दोन-तीन वर्षांत क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन पिरोगोव्हने प्लास्टर रणांगणावर नेलं. तेव्हापासून आजच्या सहा इंची रोलपर्यंत मूळ कल्पना तीच आहे. सुश्रुताच्या बंधापेक्षा त्यात एक गोष्ट मात्र धोक्याची: साल आणि कापड थोडं तरी ताणतं, गोल प्लास्टर अजिबात नाही. आतला हात सुजला तर वाढायला जागा कुठे?

4.30

बांधकामावरचा सुपरवायझर आला, मागे रिक्षात मजूर. गुडघ्याखाली प्लास्टर. मजूर ओडिशाचा, सुपरवायझर सोलापूरकडचा, मी मुळशीची, आणि आम्ही तिघं हिंदीत.

"कुबड्यांची जोडी द्या. स्वस्तातली."

स्वस्त-महाग नंतर. आधी माणूस उभा करायचा. भर पावसात त्याला रिक्षातून उतरवून दुकानात आणलं, भिंतीला टेकवलं. कुबडीची वरची गादी काखेला टेकता कामा नये, दोन-तीन बोटं अंतर हवं. मूठ मनगटाच्या रेषेशी, म्हणजे कोपर जरासं वाकतं. भार मुठीवर. नवशिके काखेतून लोंबकळतात. तिथली नस दाबली गेली की काही दिवसांत हाताचा पंजा उचलेनासा होतो, म्हणजे मोडला पाय आणि गेला हात. भोकांमधल्या खिळ्या दोनदा बदलून उंची जमली.

मग खालचं रबर. हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ओल्या फरशीवर गुळगुळीत झालेलं रबर म्हणजे दुसरं फ्रॅक्चर. जास्तीची जोडी दिली. जिना कसा चढायचा ते दुकानाच्या दोन पायऱ्यांवर करून घेतलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. मजुराने पहिल्यांदा उलटं केलं, मग हसला, मग बरोबर केलं.

"पोटरी दुखली, दम लागला, तर थांबू नका, दवाखान्यात," हे मात्र मी सुपरवायझरला सांगितलं, दोनदा. पाय प्लास्टरमध्ये स्थिर राहिला की शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि मजूर राहतो पत्र्याच्या खोलीत. निर्णय सुपरवायझरच्या हातात.

6.30

संध्याकाळची गर्दी. या तासात सगळ्यात जास्त मागणी खाजेची. प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि माणूस हात घालता येत नाही म्हणून वेडा होतो. लोकांनी आत काय काय घातलेलं मी ऐकलंय: फूटपट्टी, विणकामाची सुई, खराट्याची काडी. काडी आत मोडून राहते. कातडी खरचटते, वर हवा नाही, खाली घाम. मधुमेही माणसाला तर ती जखम कळतही नाही, वास आल्यावर कळते. मागतात पावडर. ती मी प्लास्टरसाठी विकत नाही, घामात तिचा लगदा होऊन आणखी खाजतं. हेअर ड्रायरची थंड हवा कडेने आत सोडा, प्लास्टरवर बाहेरून हलकं टकटक करा, फारच झालं तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी. थोडक्यात, मी फुकटचा सल्ला देते आणि गल्ला तसाच राहतो.

सातच्या सुमाराला एक बाप आला, कडेवर सात-आठ वर्षांचा पोरगा. कोपराच्या वरचं हाड, काल दुसरीकडे कुठेतरी प्लास्टर केलेलं. पोरगा रडत नव्हता, कण्हत होता.

"दुखण्याचं सिरप दिलंय, उतार नाही. दुपारपासून तीनदा दिलं. त्याहून कडक काहीतरी द्या."

मी काउंटरच्या बाहेर आले. बोटं टम्म, नखं फिकट, हाताला गार. दुसऱ्या हाताची बोटं गरम होती. पोराचं बोट हळूच सरळ केलं आणि त्याने जी किंकाळी फोडली ती दुकानभर झाली.

"याला औषध देत नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन जा. वर डॉक्टर आहेत, नाहीतर जिथे बांधलं तिथे. पण आत्ता."

"अहो, रात्रीपुरतं तरी द्या, सकाळी जातो. तिकडं ट्रॅफिक—"

"सकाळपर्यंत नाही थांबायचं."

बाप चिडला. मेडिकलवाली बाई डॉक्टर झाली का, असं काहीसं बोलला. गर्दी बघत होती. मी काउंटरवरच्या मुलाला सांगून वर फोन लावला आणि बापाच्या मागोमाग जिन्याने चढले. दाब वाढला की स्नायूंना रक्त मिळत नाही, काही तासांत ते कायमचे मरतात, पुढे पंजा आकसून वाकडा होतो. हे सगळं जिन्यात समजावणं शक्य नव्हतं. लहान मुलाला 'बधिर वाटतंय' असं सांगता येत नाही. त्याची बेचैनी वाढत जाते आणि दुखण्याचं औषध पुरेनासं होतं, तीच खूण. अशा वेळी कडक औषध देणं म्हणजे तीच खूण पुसणं.

वरच्या डॉक्टरांनी प्लास्टर आणि आतला कापूस कातडीपर्यंत कापून मोकळा केला आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पोरगा रिक्षात बसला तेव्हा बोटांचा रंग जरा बदलला होता. बापाने माझ्याकडे पाहिलं नाही. सिरपची बाटली काउंटरवरच विसरला.

8.30

शॉर्ट बुक भरायची वेळ. जे संपलं, जे संपत आलं, ते लिहून फोटो काढून एजन्सीला पाठवायचं. सदाशिव पेठेतून माल उद्या दुपारपर्यंत, वाकडच्या पुलाने वाट दिली तर. सॉफ्टरोल चार इंची. क्रेप सहा इंची. आर्म पाऊच मध्यम, लहान मुलांचे दोन. कुबडीची रबरं. हाताचं कव्हर, हे दुपारी सुटलेलं गिऱ्हाईक आठवून.

भाड्याचा वॉकर परत आला. आजीचा पाय बरा झाला. डिपॉझिट परत केलं, वॉकर डेटॉलच्या पाण्याने पुसायला ठेवला. आजींच्या नातवाने विचारलं, प्लास्टर काढल्यावर पायाची कातडी मगरीसारखी झालीय, मलम द्या. मलम नको. कोमट पाणी, घासायचं नाही, खोबरेल तेल, पंधरा दिवस. प्लास्टर कापायच्या मशीनला आजी फार घाबरल्या होत्या म्हणे. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते म्हणून सहसा कापली जात नाही. आजींना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

9.40

फोन. दुपारचाच, निळ्या फायबरचा.

"मॅडम, आता हात आत हलतोय. सैल झालंय. कडेने कापूस भरू का?"

"काही भरू नका. सूज उतरली की सैल होतं, बदलावं लागेल. बोटं कशी आहेत?"

"ठीक आहेत. गरम आहेत. हलतायत."

"मग आज झोपा, हात उशीवर. उद्या वर दाखवा."

"उद्या शनिवार. डॉक्टर असतात?"

"एकपर्यंत. साडेअकराच्या आत या, नंतर रांग लागते. आणि कव्हर मागवलं असेल तर आधी प्लास्टर बदलून घ्या, मग माप बघा."